शिंदीची नीरा आणि तिचे भांडे

दिवाळी सरली आणि रात्री गार होऊ लागल्या की निमाडात, तसेच तापीच्या खालच्या अंगाला खानदेशात, ओढ्याकाठच्या व बांधावरच्या शिंदीच्या झाडांना मडकी लागलेली दिसतात. कोणी शिंदीला छिंद म्हणतात, कोणी खजुरी. नाव काहीही असो, झाड एकच आणि त्याचा गोड रसही एकच. सूर्य उगवण्यापूर्वी उतरवलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तोच आंबला की ताडी, आणि कढवला की गूळ.

झाड कसे निवडावे, खाच कोणत्या बाजूला व किती खोल घ्यावी, याविषयी आपल्याकडच्या जाणत्या माणसांना सांगण्याची गरज नाही. परंतु झाडाला बांधायचे भांडे कोणते असावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. घरात जे रिकामे असेल ते उचलले आणि बांधले, अशी पुष्कळांची रीत. झाडाने रात्रभर दिलेला रस सकाळी अन्न म्हणून खाली येणार, नशा म्हणून येणार की विष म्हणून, हे बव्हंशी त्या भांड्यावर ठरते. म्हणून या वेळी शेती व आरोग्य या दोन्ही अंगांनी या भांड्याचा विचार करू.

रस का बिघडतो?

ताज्या नीरेत साधारणपणे शेकडा दहा ते चौदा भाग साखर असते. खाचेतून निघतो तेव्हा रस जवळजवळ आंबटपणाविना असतो. परंतु हवेतून, किड्यांच्या पायांतून आणि सर्वांत अधिक म्हणजे कालच्या न धुतलेल्या भांड्यातून त्यात किण्वाचे सूक्ष्म जीव शिरतात. ते साखर खाऊन मद्यार्क व वायू तयार करतात. त्यांच्या पाठोपाठ दुसरे सूक्ष्म जीव येऊन रस आंबट करतात. ऊब वाढेल तशी ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच नीरा थंडीत चांगली राहते आणि ऊन चढताच फसफसू लागते.

यावरून भांड्याकडून आपल्याला काय हवे ते कळते. ते स्वच्छ होण्याजोगे असावे. त्याचा कोणताही अंश रसात उतरू नये. ते रस गार ठेवणारे असावे. त्यावर झाकण बसावे. आणि माणसाला ते घेऊन झाडावर चढता-उतरता यावे. या पाच कसोट्यांवर एकेक भांडे घासून पाहू.

मातीचे मडके

आपल्याकडचे सर्वांत जुने भांडे हेच. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते आणि आतला रस गार राहतो. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते त्याच नियमाने हे घडते. मडके गावच्या कुंभाराकडे मिळते, स्वस्त असते आणि फुटले तर मातीत मिसळते.

पण जी छिद्रे रस गार ठेवतात, त्याच छिद्रांत कालच्या रसाचे किण्व लपून बसते. नुसते पाण्याने खळबळून काढलेले मडके वरून स्वच्छ दिसते, आतून ते ताडीचे विरजणच असते. त्यात पडणारा रस पहाटेपर्यंत फसफसलेला निघाला तर नवल नाही. यावर उपाय जुनाच आहे. मडके धुऊन विस्तवावर उपडे धरावे किंवा आत पेंढ्याचा जाळ करून चांगले तापवावे, आणि मग उन्हात कोरडे करावे. बंगालमधील शिंदीचा गूळ करणारे लोक मडकी अशीच धुरी देऊन वापरतात.

मडके विकत घेताना बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ते पक्के भाजलेले. बद्द आवाज आला तर तडा गेलेला समजावा. नंतर पाणी भरून रात्रभर ठेवावे. थोडे पाझरणे चालेल, ठिबकणे चालणार नाही. आतून रंग किंवा चकाकी दिलेले मडके घेऊ नये, कारण काही चकाक्यांत शिसे असते. शिंदीचे चांगले झाड एका रात्रीत दोन-तीन लिटर, क्वचित अधिकही रस देते. म्हणून चार-पाच लिटरचे, लहान तोंडाचे मडके पुरे. फार मोठे घेतले तर चढणाऱ्याच्या जिवाला धोका आणि झाडावरही भार.

गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर, ज्यांत आपले कॅथलिक बांधवही पुष्कळ आहेत, झाडाला लहानसे मातीचे भांडे लावतात आणि वर चढताना कमरेला दुधी भोपळ्याचे सुकवलेले ‘दुदिणें’ अडकवतात. वरच्या भांड्यातला रस दुदिण्यात ओतून खाली आणायचा, भांडे मात्र वरच राहू द्यायचे. जड मडके घेऊन उतरण्यापेक्षा ही युक्ती शहाणपणाची आहे. आता भोपळ्याची जागा पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकच्या कॅनने घेतली आहे. पण वरचे भांडे वरच ठेवले तरी ते रोज धुतले जात नाही, ही या पद्धतीतली उणीव लक्षात ठेवावी. रस ताडीसाठी असेल तर तिकडे कोणी पाहत नाही. नीरेसाठी मात्र भांडे रोज बदललेच पाहिजे.

धातूची भांडी

तांब्या-पितळेचे भांडे नीरेला कधीही लावू नये. आंबट ताक पितळेत ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. रस आंबू लागला की त्याचीही तीच गत होते. कल्हई ताजी असली तरी ती सारखी झिजत असते.

जस्ती बादलीचेही तसेच. आंबट रसात जस्त उतरते आणि असा रस पिऊन मळमळ, उलट्या व पोटात कळा येतात.

जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, डबे हलके व स्वस्त म्हणून पुष्कळ जण वापरतात. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. रस आंबू नये म्हणून आपण भांड्याला आतून चुना लावतो, आणि ॲल्युमिनियमला चुना चालत नाही. चुन्याने हा धातू खाल्ला जातो, भांडे काळवंडते, त्याला खड्डे पडतात आणि तो अंश रसात उतरतो. आंबट रसानेही तेच होते. तेव्हा जर्मनचे भांडे आणि चुना ही जोडी कधीही जमवू नये.

पत्र्याचे तेलाचे जुने डबे गंजतात. ज्यांचे सांधे डाक देऊन जोडलेले आहेत, त्या डाकात शिसे असू शकते. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते.

याविषयी दूर देशातला एक धडा सांगण्यासारखा आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आणि शेजारच्या अमेरिकेच्या उत्तर भागात मेपल नावाचे मोठे वृक्ष आहेत. हिवाळा संपताना, रात्री बर्फ आणि दिवसा थोडे ऊन अशा दिवसांत, तिथले शेतकरी खोडाला भोक पाडून नळी बसवतात आणि खाली बादली टांगतात. तो रस आपल्या नीरेपेक्षा पुष्कळ पातळ. त्यात साखर शेकडा सुमारे दोनच भाग. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. तिथल्या मूळ रहिवाशांनी भूर्जसालीची व लाकडाची भांडी वापरली. मागाहून आलेल्या शेतकऱ्यांनी लाकडी बादल्या केल्या, आणि पुढे पत्र्याच्या बादल्या आल्या. त्यांतल्या कित्येक जुन्या बादल्यांचे सांधे शिशाच्या डाकाने जोडलेले होते, तर काहींच्या पत्र्यावरच शिशाचा मुलामा होता. अशा बादल्यांतून पाकात शिसे उतरते असे तपासणीत आढळले, आणि त्या बादल्या मोडीत काढून स्टेनलेस स्टील व खाद्यपदार्थांसाठी बनवलेले प्लास्टिक वापरावे, असा सल्ला तिथल्या शेतीखात्यांनी दिला. वीस-वीस, तीस-तीस वर्षे वापरलेली बादली चांगली दिसते म्हणून ती निर्दोष असतेच असे नाही, हा त्यातला धडा. रस आटवला की त्यातले शिसेही आटून दाट होते. आपल्या गुळालाही हाच नियम लागू आहे.

स्टेनलेस स्टील हा धातूंत उत्तम. चुन्याने वा आंबटाने ते बिघडत नाही, उकळत्या पाण्याने धुता येते आणि त्याला छिद्रे नसल्याने किण्व लपत नाही. दोष दोन: किंमत, आणि ऊन लागताच लवकर तापणे. प्रत्येक झाडाला स्टीलचे भांडे परवडणार नाही. पण झाडांवरून गोळा केलेली नीरा घरी किंवा बाजारात नेण्यासाठी दुधाचा स्टीलचा कॅन घेतला तर तो पिढीभर पुरतो. त्यावर ओले फडके गुंडाळले म्हणजे रस गारही राहतो.

प्लास्टिकचे कॅन

हलके, न फुटणारे आणि स्वस्त म्हणून प्लास्टिक सर्वत्र शिरले आहे. ते वापरूच नये असे नाही, निवडून वापरावे. खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेले, पांढरे किंवा पारदर्शक, रुंद तोंडाचे भांडे घ्यावे. हात आत जात नसेल तर ते नीट धुता येणार नाही. तळाशी त्रिकोणात अंक असतो. 2 किंवा 5 हा अंक असलेले प्लास्टिक खाद्यपदार्थांना सामान्यतः चालते. मात्र अंक फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पूर्वी त्या भांड्यात काय होते ते सांगत नाही. तारेच्या घासणीने प्लास्टिक घासू नये. ओरखड्यांत किण्व बसते. वास धरलेले किंवा पिवळे पडून तडकलेले भांडे टाकून द्यावे.

औषधाचा डबा घरात आणू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपला बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा व कपाशीचा. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, बाटल्या व कॅन प्रत्येक शेतात पडलेले असतात. ते मजबूत असतात, त्यांना घट्ट बूच असते आणि फुकट मिळतात. कोणी त्यांत पाणी नेतो, कोणी रॉकेल ठेवतो, कोणी ते शिंदीला बांधतो. ‘तीनदा धुतला आहे’ असे सांगितले जाते.

16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले मृत्युमुखी पडली. अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेलेले हेच ते औषध. स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तपास करणाऱ्यांचे मत होते. त्या मुलांच्या ताटात कोणी मुद्दाम विष कालवले, असे समजण्याचीही गरज नाही. एक चुकीचे भांडे पुरेसे होते.

औषध प्लास्टिकच्या अंगात मुरते. गोड, किंचित आंबट रस रात्रभर त्यात राहिला तर ते पुन्हा बाहेर येते. वासावरून ते ओळखता येईलच असे नाही आणि रस उकळूनही ते हमखास जात नाही. म्हणून रिकामा डबा झाल्याबरोबर तीनदा विसळावा, ते विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे, डब्याला भोके पाडून तो निकामी करावा आणि दुकानदाराकडे किंवा कृषी विभागाकडे त्याच्या विल्हेवाटीविषयी विचारावे. जाळू नये, ओढ्यात फेकू नये. रंग, ऑइल व ॲसिड यांच्या कॅनांनाही हाच नियम.

झाकण हे भांड्याचे अर्धे अंग

मोठी वटवाघळे फळांवर व फुलांवर जगतात. शिंदीचा गोड रस त्यांना फार आवडतो. रात्री ती खाचेपाशी येऊन रस चाटतात आणि त्यांची लाळ व मूत्र रसात पडते. बांगलादेशात शिंदीच्या झाडांवर अंधारात दिसणारे कॅमेरे लावून हे प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. त्या देशात हिवाळ्यात, म्हणजे रसाच्याच हंगामात, निपाह नावाच्या विषाणूचा आजार पुन्हा पुन्हा उद्भवला आहे आणि कच्चा रस पिणे हे त्याचे एक मुख्य कारण ठरले आहे. हा विषाणू प्रथम 1998-99 मध्ये मलेशियात आढळला. आपल्या देशात 2001 मध्ये सिलिगुडीला, 2007 मध्ये नदिया जिल्ह्यात आणि 2018 मध्ये केरळात कोझिकोड भागात त्याने बळी घेतले. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत या विषाणूच्या खुणा मिळाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केले. आजारात ताप, डोकेदुखी, गुंगी, भ्रम आणि श्वासाचा त्रास होतो, आणि लागण झालेल्यांपैकी पुष्कळ दगावतात.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, सावध होण्याचे आहे. उपाय बुरुडाच्या हातचा आहे. बांगलादेशातील शेतकरी बांबूच्या कामट्यांची चटई विणून ती खाच, रस वाहणारी नळी आणि मडक्याचे तोंड या तिन्हींवर घट्ट बांधतात. अशी चटई नीट बांधली की वटवाघूळ रसापर्यंत पोहोचत नाही, हेही तपासून पाहिलेले आहे. आपल्या जंगलभागात बांबू आहे आणि विणणारे हातही आहेत. फक्त मडक्याच्या तोंडाला फडके बांधून भागत नाही, कारण वटवाघूळ मडक्यात नव्हे तर वर खाचेवर बसून चाटते. माश्या, मुंग्या व मधमाश्या यांच्यासाठी मडक्याच्या तोंडाला बारीक जाळी वेगळी लावावी.

वटवाघळांना मारू नये. मोहाच्या फुलांचे परागण व बियांचा प्रसार ती करतात. मोहावर जगणाऱ्या आपल्या बांधवांचे ते उपकारी प्राणी आहेत.

चुना किती व केव्हा?

गुळासाठी रस काढायचा असेल तर भांड्याला आतून विझवलेल्या चुन्याचा पातळ हात द्यावा. चुन्याने रसाचा आंबटपणा मारला जातो आणि किण्वाची वाढ थांबते. चुना खाण्याचा, गाळलेला असावा. भिंतीला लावायचा, डिंक किंवा नीळ मिसळलेला नसावा. जाड थर देऊ नये. गूळ काळपट व बेचव होतो. पिण्याच्या नीरेला शक्यतो स्वच्छ भांडे व थंडी यांवरच भिस्त ठेवावी. रस टिकवण्यासाठी फॉर्मेलिनसारखे कोणतेही औषध घालू नये.

कासरगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने नारळाच्या नीरेसाठी बर्फाची पेटी तयार केली आहे. नळीभोवती बर्फ ठेवून रस चुन्याविना ताजा गोळा होतो. प्रत्येकाला ती जमणार नाही, पण तत्त्व कळले की पुरे: गारवा हाच खरा राखणदार.

भांडे कसे धुवावे?

प्रत्येक झाडामागे दोन भांडी ठेवावीत. एक झाडावर, एक उन्हात. उतरवलेले भांडे रस ओतताच लगेच धुवावे. वाळलेला रस निघत नाही. राखेने घासून स्वच्छ पाण्याने विसळावे आणि मग स्टीलला उकळते पाणी, मडक्याला जाळ व धुरी, प्लास्टिकला सोसेल इतके गरम पाणी द्यावे. शेवटी उपडे घालून कडक उन्हात पूर्ण कोरडे करावे. नळी, गाळण्याचे फडके व दोरी यांनाही हाच न्याय. ओढ्याच्या गढूळ पाण्याने धुतलेले भांडे धुतले असे समजू नये.

प्यावी की नाही?

चटईविना काढलेली कच्ची नीरा पिऊ नये, पाहुण्याला देऊ नये. मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट कटाक्षाने पाळावी. असा रस उकळून गूळ करावा. कढईत तो चांगला उकळला म्हणजे विषाणू मरतात. साधारण आठ ते दहा लिटर रसाचा एक किलो गूळ होतो. 1934 साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या काळापासून ताडगुळाचा पुरस्कार झाला, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो पुढे चालवला. त्यामागे हाच विचार होता की झाड तेच, पण त्याचा पैसा दारूच्या गुत्त्यात न जाता घरात यावा.

नीरा हे औषध आहे, मधुमेहाला चालते, असे काही जण सांगतात. तिच्यात साखर आहे हे विसरू नये. मधुमेही माणसाने डॉक्टरांना विचारल्याविना ती घेऊ नये. नीरा व ताडी या दोन्हींवर आबकारी खात्याचे नियम आहेत. विक्रीसाठी झाडे छेदण्यापूर्वी तहसिलीत परवान्याची चौकशी करावी.

थोडक्यात

1. झाडावर पक्के भाजलेले मडके किंवा खाद्यपदार्थांचे प्लास्टिक, वाहतुकीला स्टील.
2. तांबे, पितळ, जस्त व डाक दिलेला पत्रा नको. ॲल्युमिनियमला चुना नको.
3. औषधाचा, रंगाचा, ऑइलचा डबा कधीही नको.
4. खाच, नळी व तोंड या तिन्हींवर बांबूची चटई.
5. दोन भांडी आलटून पालटून; रोज धुणे, तापवणे, वाळवणे.
6. सूर्योदयापूर्वी उतरवणे, आणि शंका आली तर गूळ करणे.

नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात घातला तर रस व बुधला दोन्ही जातात, असा दृष्टान्त प्रभूने दिला. त्याचा आध्यात्मिक अर्थ आपण मिस्सेच्या प्रवचनात ऐकतो. पण आंबणारा रस भांड्याचे काय करतो, हेही तो दृष्टान्त सांगतो. परमेश्वर झाडात गोडवा घालतो, तो शुद्धच असतो. आपल्या हातात उरते ते भांडे. या हंगामात झाडाला मडके बांधण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हे भांडे काल कशाचे होते? उत्तर नक्की ठाऊक नसेल, तर ते खालीच ठेवा.